पांढऱ्या फळ्याच्या गावात

"मावशी, त्या मुलाखतीत तुला किती मार्क पडले गं?"

मे महिन्याच्या सुट्टीत मी कऱ्हाडला माहेरी गेले होते, तेव्हा आठवीतल्या माझ्या भाच्याने हा प्रश्न विचारला. त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय, की आमची मुलगी अमेरिकेतल्या केवढ्या मोठ्या कंपनीत मुलाखत देऊन लागली! त्यामुळे भाच्याचा अंदाज होता, की ९५ तरी असणारच.

मी म्हटलं, "किती पडले ते मलासुद्धा माहीत नाही रे. आणि पहिल्या वेळी तर मी चक्क नापास झाले होते."

"नापास? तू?"

आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. ही गोष्ट आमच्या घरात सहसा कुणी काढत नाही. पण भाचा कसला सोडतोय! मग जेवणं झाल्यावर गच्चीवर चटई टाकून त्याला सगळं सांगितलं. मित्रांनो, तेच आज तुम्हालाही सांगते. यात एक गाव आहे, एक दहीहंडी आहे आणि एक कुलकर्णीही आहेत.

जर्दाळूच्या बागांतून

गोष्ट एप्रिल २०१४ मधली. अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका विद्यापीठात मी कॉम्प्युटरचं एम. एस. करत होते. मे महिन्यात शिक्षण संपणार होतं. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलं होतं आणि त्यापायी बाबांनी कऱ्हाडचं राहतं घर तारण ठेवलं होतं. त्यात तिथला नियम असा, की परदेशी विद्यार्थ्याला शिक्षण झाल्यावर काही काळ नोकरी करता येते, पण त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त दिवस नोकरीविना राहता येत नाही. राहिलात तर बॅग भरा आणि घरी चला! म्हणजे माझ्या डोक्यावर दोन घड्याळं टिकटिक करत होती – एक बँकेचं आणि एक त्या ९० दिवसांचं.

अशात एका बड्या कंपनीने टेलिफोनवर दोनदा प्रश्न विचारले आणि कळवलं, "प्रत्यक्ष मुलाखतीला या." विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवणखाण सगळं त्यांच्याकडून. कंपनीचं नाव मात्र मी सांगणार नाही हं. आणि त्याने फरकही पडत नाही, कारण तिथल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची मुलाखतीची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच.

सॅन फ्रान्सिस्कोला विमानातून उतरले आणि विमानतळाजवळच्या मिलब्रे स्टेशनावर कॅलट्रेन नावाची गाडी पकडली. पूर्वी आपल्या सिंहगड एक्स्प्रेसला असायचे तसे दुमजली डबे! एका डब्यात तर माणसांपेक्षा सायकलीच जास्त. लोक घरून सायकलने स्टेशनवर येतात, सायकलीसकट गाडीत चढतात आणि उतरल्यावर तिच्यावरूनच ऑफिसला जातात. तेव्हा ही गाडी डिझेलवर चालायची, २०२४ सालापासून ती विजेवर धावते.

गाडीच्या उजव्या हाताला डोंगरांची रांग सोबत करत होती. एप्रिलमध्ये ते डोंगर हिरवेगार होते. आपल्या सह्याद्रीचं उलटं आहे तिथे. पाऊस पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. जून आला की तेच डोंगर वाळलेल्या गवताने पिवळेधमक होतात.

या साऱ्या भागाला सिलिकॉन व्हॅली म्हणतात हे तुम्ही ऐकलं असेल. पण शंभर वर्षांपूर्वी इथे सिलिकॉनचा पत्ता नव्हता. होत्या त्या जर्दाळूच्या, आलुबुखारच्या आणि चेरीच्या बागा. वसंतात सगळं खोरं फुलांनी पांढरंशुभ्र व्हायचं म्हणे! मग हे कॉम्प्युटरचं खूळ आलं कुठून?

पालो आल्टो हे स्टेशन आलं. या गावात ॲडिसन ॲव्हेन्यूवर एका घराच्या मागे साधं लाकडी गॅरेज आहे. १९३८ साली बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन मित्रांनी त्या गॅरेजात विजेची उपकरणं बनवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी कंपनी काढायची ठरली, तेव्हा नाव आधी कुणाचं घ्यायचं? त्यांनी चक्क नाणं उडवलं! कौल ह्यूलेटचा लागला, म्हणून ती 'ह्यूलेट-पॅकार्ड' झाली. नाहीतर आज आपण एचपी नव्हे, पीएच म्हणालो असतो.

मग आलं सॅन अँटोनिओ स्टेशन. इथल्या सॅन अँटोनिओ रस्त्यावर १९५६ साली विल्यम शॉकली यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. ट्रान्झिस्टरसाठी त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. माणूस हुशार, पण हाताखालच्यांशी वागणं असं, की १९५७ साली त्यांचे आठ बुद्धिमान सहकारी एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड ही कंपनी काढली. त्या आठांतल्या रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर या दोघांनी १९६८ साली आणखी एक कंपनी सुरू केली. तिचं नाव इंटेल. एका कंपनीच्या फांदीवर दुसरी, दुसरीच्या फांदीवर तिसरी, असा हा वड पसरत गेला. बागा गेल्या, ऑफिसं आली.

पुढचं स्टेशन माझं होतं – माउंटन व्ह्यू. म्हणजे 'डोंगर दिसणारं गाव'. आणि खरोखर दिसतातच की डोंगर!

कोडी आणि पाठांतर

माझी तयारी कशी होती? जबरदस्त! मुलाखतीत येणाऱ्या प्रश्नांची पुस्तकंच मिळतात. मी दोन महिन्यांत शेकडो प्रश्न उत्तरांसकट घोटले होते.

कोडीसुद्धा पाठ केली होती. एके काळी मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतीतलं एक कोडं फार गाजलं होतं. गटाराच्या तोंडावरचं झाकण गोल का असतं? एक उत्तर असं, की चौकोनी झाकण तिरकं धरलं तर भोकातून खाली पडू शकतं, गोल मात्र कसंही धरा, पडत नाही. दोस्तहो, वहीचं पान कापून करून बघा!

आणि कोडी म्हणजे तरी किती! २००४ साली याच भागातल्या १०१ नंबरच्या हमरस्त्यावर एक मोठा फलक लागला होता. त्यावर ना कंपनीचं नाव, ना चित्र. नुसतं एक कोडं – गणितातली 'ई' ही संख्या, म्हणजे २.७१८२८... अशी न संपणारी, तिच्या ओळीने येणाऱ्या अंकांमध्ये सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या कोणती? उत्तर होतं ७४२७४६६३९१. ते शोधून इंटरनेटवर त्या पत्त्यावर गेलं, की आणखी एक कोडं. तेही सुटलं, की मग कळायचं, हा फलक गूगलचा आहे आणि ते तुम्हाला नोकरीसाठी अर्ज करायला सांगताहेत!

पुढे मात्र गूगलच्याच मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ साली जाहीरपणे सांगितलं, की डोकं चक्रावणाऱ्या कोड्यांवरून माणूस काम कसं करील हे मुळीच कळत नाही, तो सगळा वेळेचा अपव्यय. म्हणजे माझी कोडी वाया गेली. पण बाकीचं पाठांतर होतंच!

परीक्षक सपाता घालून येतात

सकाळी इस्त्रीचा कडक कोट घालून मी कंपनीच्या दारात हजर. आत पाहते तो काय, सगळे टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीत! हिरवळीवर कुणी लॅपटॉप घेऊन पाय पसरून बसलंय, कुणी सायकलवरून या इमारतीतून त्या इमारतीत निघालंय. एवढ्या लोकांत कोट एकटा माझाच.

दारातल्या पडद्यावर नाव टाइप केलं. माझ्या नावाचा कागदी बिल्ला बाहेर आला, तो छातीवर चिकटवला. मग एका छोट्या खोलीत नेलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर भला मोठा पांढरा फळा. खडूऐवजी रंगीत मार्कर. बस्स! कॉम्प्युटर कंपनीच्या मुलाखतीला उमेदवारापुढे कॉम्प्युटरच नव्हता. प्रोग्रॅम लिहायचा तो फळ्यावर, उभं राहून, हाताने.

आपल्या तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक येतात ना, तसे इथे एकामागून एक पाचजण येतात. प्रत्येकाची पाऊण तासाची पाळी. ते कुणी साहेब नसतात, उद्या ज्यांच्या शेजारी बसून काम करायचं, तसलेच इंजिनिअर असतात. आणि त्यांचा एकच आग्रह – विचार करायचा तो मोठ्याने करा. मनातल्या मनात नको.

पहिली पाळी बरी गेली. दुसऱ्या पाळीला एक पिकल्या केसांचे गृहस्थ आले, पायात सपाता. त्यांनी प्रश्न घातला. चढत्या क्रमाने लिहिलेल्या काही संख्या आहेत. त्यांतल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज अमुक येते, ते लवकरात लवकर शोधा.

माझ्या मनात लाडू फुटला! हा प्रश्न पुस्तकातल्या पहिल्या दहांत होता. उत्तर तोंडपाठ!

आता खरं तर काय करायला हवं होतं? "हा प्रश्न मी आधी पाहिलाय," असं सरळ सांगायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर ते ९० दिवस आणि घराचे कागद. मी काय केलं? नाटक! कपाळाला बोट लावलं, छताकडे पाहिलं, "हंऽऽ" केलं. मुद्दाम एक चुकीची वाट धरली, ती सोडली आणि मग जणू आत्ताच सुचलं अशा थाटात उत्तर लिहिलं.

उत्तर असं. समजा संख्या आहेत २, ५, ८, ११, १४, १९. बेरीज हवी २२. एक बोट पहिल्या संख्येवर ठेवायचं, दुसरं शेवटच्या. २ आणि १९ मिळून २१, कमी पडले. मग डावं बोट एक घर पुढे. ५ आणि १९ मिळून २४, जास्त झाले. मग उजवं बोट एक घर मागे. ५ आणि १४ मिळून १९, कमी. डावं बोट पुढे. ८ आणि १४, बावीस! सापडली जोडी. सगळ्या जोड्या तपासत बसायची गरजच नाही.

गृहस्थांनी मान डोलावली. मग शांतपणे विचारलं, "बरोबर आहे. पण इतक्या जोड्या तुम्ही पाहिल्याच नाहीत. त्यांतली एखादी बरोबर असलेली जोडी सुटली नाही, हे कशावरून?"

कशावरून? पुस्तकात तसं दिलंय, यावरून! पण हे सांगणार कसं? मी तेच उत्तर पुन्हा म्हणून दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "हो, पण का?" मी फळ्यावर काहीतरी लिहिलं, तळहाताने पुसलं, पुन्हा लिहिलं. शाळेतली सवय, डस्टर सोडून हाताने पुसायची! पाऊण तास संपला तेव्हा माझा तळहात निळा झाला होता आणि कान लाल.

ते गृहस्थ काही बोलले नाहीत. जाताना हात मिळवला, तोसुद्धा त्याच निळ्या हाताशी. माझं नाटक त्यांनी ओळखलं की नाही, कोण जाणे. मी मात्र ओळखलं होतं.

दुपारी एक तरुण इंजिनिअर जेवायला घेऊन गेला. जेवणाच्या वेळी परीक्षा नसते. हवं ते विचारा, हवं तेवढं खा! डोसा होता, पिझ्झा होता, पण माझ्या घशाखाली काही उतरेना. तो मद्रासकडचा होता. म्हणाला, "मी इथे तिसऱ्या खेपेला लागलो." त्याने हे का सांगितलं असेल, ते मला खूप नंतर कळलं.

हंडीला कोण पोहोचणार?

दुसऱ्या दिवशी शनिवार. माझं विमान रात्रीचं होतं. म्हणून गावातलं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम पाहायला गेले. मणी सरकवायच्या चौकटीपासून खोलीएवढ्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं तिथे मांडलेलं आहे. पण माझे पाय खिळले ते एका अवाढव्य पितळी-पोलादी यंत्रापाशी. ११ फूट लांब, ५ टन वजन, ८००० भाग! विजेची तार एकही नाही. माणसाने हँडल फिरवलं, की आकडे कोरलेली चाकं फिरतात आणि खांबांवरून जणू लाट सरकत जाते.

हे यंत्र चार्ल्स बॅबेज यांचं. याचे आराखडे त्यांनी १८४७ ते १८४९ या काळात काढले, पण त्यांच्या हयातीत ते काही बनलं नाही. पुढे लंडनच्या सायन्स म्युझियमने ते बनवलं. १९९१ साली त्याचा आकडेमोडीचा भाग चालू लागला आणि बॅबेजचा हिशेब बरोबर होता हे सिद्ध झालं. मी पाहिलं ते त्याचं जुळं भावंड. जानेवारी २०१६ पर्यंत ते माउंटन व्ह्यूला होतं.

बॅबेज यांना हे यंत्र हवं होतं कशाला? तुमच्या दादा-ताईंची लॉग टेबलं पाहिली आहेत ना? पूर्वी असली कोष्टकं माणसं हाताने मोजायची आणि त्यांत चुका राहायच्या. त्या काळी जहाजं असल्या कोष्टकांवर भिस्त ठेवून समुद्रात जायची! माणूस कितीही हुशार असला तरी चुकणार, हे बॅबेज यांनी मान्य केलं होतं. म्हणून तर हा पाच टनांचा खटाटोप.

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. आपली चूक मान्य करायला काय लागतं? त्याला काही पाच टन लागत नाहीत! मी वही काढली, सहा संख्या लिहिल्या आणि स्वतःला विचारलं, "सुटली नाही कशावरून?"

एकाएकी आमच्या गल्लीतली दहीहंडी आठवली. समजा, सहा मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी आहेत. दोनच थर लावायचे आणि दोघांची उंची मिळून हंडीशी तंतोतंत जुळली पाहिजे. सगळ्यांत बुटका मुलगा सगळ्यांत उंच मुलाच्या खांद्यावर चढला, तरी हंडीला पोहोचत नाही. मग तो आणखी कुणाच्या खांद्यावरून पोहोचणार? कुणाच्याच नाही! म्हणून त्याला निर्धास्त बाजूला बसवायचं. उलट, जो सगळ्यांत उंच आहे, तो उरलेल्यांतल्या सगळ्यांत बुटक्याबरोबरही हंडीच्या वर जात असेल, तर तोही कुणाच्या कामाचा नाही. त्यालाही बसवा. दर वेळी जो मुलगा बसतो, तो आपल्या सगळ्या जोड्या घेऊनच बसतो. त्यांतली एकही जोडी बरोबर असूच शकत नाही. म्हणून काही सुटत नाही!

इतकं सोपं होतं ते. पुस्तकातलं उत्तर मी दोन महिने सांभाळलं, पण 'का?' हे एकदाही विचारलं नव्हतं.

आठवड्याने फोन आला. गोड आवाजात नकार. कारण सांगत नाहीत, मार्कही सांगत नाहीत. त्या रात्री मी आईला फोन केला नाही.

गावात सगळेच कुलकर्णी

९० दिवसांचं घड्याळ थांबायच्या आत मला एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. कर्जाचे हप्ते सुरू झाले. अभ्यासही सुरू झाला, पण आता रोज एकच प्रश्न घ्यायचा. तो सुटला की कागदावर 'का?' लिहायचं आणि खाली त्याचं उत्तर आपल्या शब्दांत. ते लिहिता आलं नाही, तर प्रश्न सुटला असं म्हणायचं नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा त्याच खोऱ्यात गेले. पुन्हा छोटी खोली, पुन्हा पांढरा फळा. या वेळी कोट घरीच ठेवला होता!

तिसऱ्या पाळीला एक तरुण बाई आल्या. त्यांनी प्रश्न घातला आणि माझ्या छातीत धस्स झालं. तो प्रश्न मी आधी सोडवला होता. या वेळी उत्तरही येत होतं आणि 'का' तेही. क्षणभर वाटलं, आता सांगायची काय गरज? पण माझी नजर आपोआप माझ्या तळहाताकडे गेली.

"माफ करा, हा प्रश्न मी आधी सोडवलेला आहे."

"सांगितलंत ते बरं झालं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा प्रश्न घातला. अर्थातच जास्त अवघड!

आडनावांप्रमाणे लावलेली लांबलचक यादी आहे. तीत 'स्मिथ' आडनावाचा पहिला माणूस कुठे आहे, ते झटपट शोधा. मी मनातल्या मनात स्मिथचा कुलकर्णी केला आणि कऱ्हाडची मतदारयादी डोळ्यांपुढे आणली.

शब्दकोशात शब्द कसा शोधता? मधोमध उघडता. शब्द पुढे असेल तर मागचा अर्धा भाग सोडून देता आणि उरलेल्याच्या पुन्हा मधोमध. १००० नावं असली, तरी दहा वेळा अर्धं केलं की माणूस सापडतो! पण इथे गोम अशी, की मध्ये सापडलेला कुलकर्णी हा पहिलाच कुलकर्णी कशावरून? मग एकेक नाव मागे जायचं? आणि गावात सगळेच कुलकर्णी असले तर? संध्याकाळ होईल! म्हणून कुलकर्णी सापडला तरी थांबायचं नाही, डावीकडे पुन्हा अर्धं करत राहायचं.

मी फळ्यावर प्रोग्रॅम लिहिला. छान दिसत होता. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे?"

दोन वर्षांपूर्वी मी पटकन 'हो' म्हटलं असतं. आता म्हटलं, "माहीत नाही. तपासून बघते." आणि अगदी छोटी यादी घेतली. दोनच नावं, आपटे आणि कुलकर्णी. बोलता बोलता मी कधी मराठीत शिरले ते मला कळलंच नाही. "एक, दोन, मधला म्हणजे पहिला, आपटे... पुन्हा मधला, आपटे... अरेच्चा, पुन्हा आपटे!" माझा प्रोग्रॅम आपट्यांच्या दारात अडकला होता. 'आपटे नाहीत, आता पुढच्या घरी जा,' हे सांगायलाच मी विसरले होते. जन्मभर आपट्यांचीच कडी वाजवत राहिला असता! एका जागी एक मिळवायचा राहिला होता. मी तो मिळवला.

बाई हसत होत्या. म्हणाल्या, "कोणत्या भाषेत मोजत होतात?"

"मराठी," मी म्हटलं.

घरी आल्यावर या 'अर्धं-अर्धं' पद्धतीचा इतिहास वाचला आणि फार धीर आला. ही पद्धत १९४६ सालापासून माहीत होती, पण कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारा प्रोग्रॅम छापून यायला त्यानंतर तपाहून जास्त काळ लागला. आणि २००६ साली जोशुआ ब्लॉक नावाच्या नामांकित इंजिनिअरने जगाला सांगितलं, की जावा या भाषेबरोबर जगभर वापरल्या जाणाऱ्या अशाच प्रोग्रॅममध्ये सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती. प्रचंड मोठ्या यादीत मध्य काढताना दोन मोठे आकडे मिळवले, की बेरीज कॉम्प्युटरच्या मापाबाहेर जायची. स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर ००००० होतो ना, तसाच गोंधळ! आणि तो प्रोग्रॅम लिहिला होता कुणी? खुद्द ब्लॉक यांनीच! स्वतःची चूक त्यांनी स्वतःच चारचौघांत सांगितली आणि जगातल्या कितीतरी प्रोग्रॅमर्सनी आपापले प्रोग्रॅम उघडून पाहिले.

पाच दिवसांनी फोन आला. या वेळी होकार! कोणत्या उत्तरामुळे, कुणाच्या शिफारशीमुळे, ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. खरं बोलले म्हणून घेतलं, असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण २०१८ साली घराचे कागद बँकेतून सुटले, तेव्हा बाबांनी ते देवापुढे ठेवले आणि मला फोन केला. त्या वेळी मला माझ्या तळहाताची लाज वाटली नाही, एवढं नक्की.

२०२० साली करोनाची साथ आली आणि अशा मुलाखती घरबसल्या पडद्यावर होऊ लागल्या. आता तर प्रश्न विचारला की क्षणात प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. पण तो बरोबर आहे कशावरून, हे कुणीतरी विचारावंच लागतं.

आणि तीन थर असले तर?

गोष्ट संपली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आई कधीची येऊन मागे उभी होती. तिने काही म्हटलं नाही, नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

भाचा मात्र चटईवर बोटाने काहीतरी लिहीत होता. म्हणाला, "मावशी, दोन थरांची हंडी कळली. पण तीन थर लावायचे असले तर? तिघांची उंची मिळून बरोबर जुळायला हवी. तेव्हा कुणाला बसवायचं?"

उत्तर मला येत होतं. पण मी गप्प बसले आणि म्हटलं, "वही-पेन्सिल आण."

मित्रांनो, तुम्हीही आणा. संख्या त्याच सहा घ्या – २, ५, ८, ११, १४, १९. तिघांची बेरीज हवी ३०. सगळे तिघे-तिघे न तपासता शोधायचं. आणि सापडल्यावर लगेच उड्या मारू नका हं! आधी खाली लिहा, 'एकही सुटलं नाही, हे कशावरून?'

उत्तर मी देणार नाही. मार्कही देणार नाही!